हवेतली काजळी मोजायला शिकताना

वात जास्त वर चढवली की कंदिलाची काच काळी पडते. ज्योतीला पुरेशी हवा मिळत नाही, इंधनातला थोडा कार्बन जळायचा राहतो आणि काजळी होऊन काचेवर बसतो. तुपाच्या दिव्यावर पितळी वाटी पालथी धरून घरोघरी काजळ पाडायचे, तेव्हाही हेच घडायचं. डिझेलचा ट्रक, वीटभट्टी, चूल, पेटवलेला कचरा आणि डोंगरावरचा वणवा यांतूनही हीच काजळी निघते, फक्त ती काचेवर न बसता आपल्या श्वासात येते. शास्त्राच्या भाषेत तिला काळा कार्बन म्हणतात.

तिचा एकेक मणी साधारण २० ते ५० नॅनोमीटरचा असतो आणि असे कित्येक मणी घडासारखे एकमेकांना चिकटलेले असतात. ती पाण्यात विरघळत नाही, सूर्यप्रकाशाचे सगळे रंग शोषते आणि पावसाने धुऊन निघेपर्यंत आठवडाभर हवेत राहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो असं जाहीर केलं. तरीही आपल्याकडच्या २००९ च्या हवा-मानकांतल्या १२ प्रदूषकांमध्ये काळा कार्बन नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याला मर्यादेचा आकडा दिला नाही, तो नियमित मोजा एवढं मात्र बजावून सांगितलं. म्हणूनच नवीन मुलंमुली हे काम शिकायला येतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो. पुण्यात बसून हे मोजताना मी ज्या क्रमाने शिकलो, त्याच क्रमाने इथे लिहितो आहे.

पहिली पायरी : प्रश्न एका ओळीत लिहा

यंत्राला हात लावण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहा. 'शाळेच्या फाटकापाशी सकाळी सात ते नऊ मुलं किती काजळी श्वासात घेतात?' हा चांगला प्रश्न आहे. 'पुण्याची हवा कशी आहे?' याला उत्तर नाही. 'फेब्रुवारी ते मे महिन्यांत टेकड्यांवरच्या गवताला वणवे लागतात, त्यातली किती काजळी आमच्या गच्चीपर्यंत येते?' हाही चांगला प्रश्न आहे, पण त्याला वेगळं यंत्र लागतं. यंत्र काजळीवर प्रकाश टाकून मोजतं. शाळेच्या फाटकाला खिशात मावणारं यंत्र आणि प्रकाशाची एक तरंगलांबी, म्हणजे एकच रंग, पुरते. वणव्याला निदान दोन तरंगलांब्या हव्यात आणि महिनोन् महिने एका जागी बसणारं यंत्र हवं.

दुसरी पायरी : यंत्र निवडा, आणि स्वस्त सेन्सरकडून नको ती अपेक्षा ठेवू नका

बाजारात मिळणारे छोटे पीएम २.५ (म्हणजे २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण) मोजणारे सेन्सर लेसरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो ते पाहतात. काजळी मुळात प्रकाश शोषते, विखुरते कमी. शिवाय साधारण ०.३ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण या सेन्सरना जवळजवळ दिसतच नाहीत आणि वाहनातून नुकती निघालेली बरीचशी काजळी त्याहून बारीक असते. त्यामुळे पीएमपीच्या थांब्यावर काळा धूर सोडत बस निघून जाते आणि सेन्सरचा आकडा हलतही नाही. सेन्सर बिघडलेला नसतो, त्याला विचारलेला प्रश्नच चुकलेला असतो. पीएम २.५ साठी तो जरूर वापरा, काजळीसाठी नको.

काजळीसाठी सर्वांत रुळलेलं यंत्र म्हणजे एथॅलोमीटर. काजळीने काळं करणे अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडलं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत टोनी हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. आज कायमच्या केंद्रांवर दिसतं ते त्याचं एई-३३ हे मॉडेल. त्यात ३७० ते ९५० नॅनोमीटरपर्यंत सात तरंगलांब्या असतात आणि गाळणीची फीत आपोआप पुढे सरकते. खिशातलं एई-५१ फक्त ८८० नॅनोमीटरवर मोजतं आणि त्याची गाळणीपट्टी हाताने बदलावी लागते. एमए-२०० हेही खिशातलंच, पण पाच तरंगलांब्यांचं. या यंत्रांच्या किमती एकट्यादुकट्याला झेपणाऱ्या नाहीत. तेव्हा विद्यापीठातला हवामानशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र विभाग गाठा. भारतीय हवामानशास्त्र विभाग आणि इस्रो या दोघांचीही काळा कार्बन मोजणाऱ्या केंद्रांची जाळी देशभर आहेत. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, या विषयावर अनेक वर्षं काम चालू आहे.

दुसरा मार्ग प्रयोगशाळेतला. क्वार्ट्झच्या गाळणीवर हवा ओढायची, गाळणी भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवायची आणि निघालेला कार्बन मोजायचा. त्यातून येतो तो मूलद्रवी कार्बन. काळा कार्बन म्हणजे प्रकाश शोषण्यावरून काढलेला आकडा आणि मूलद्रवी कार्बन म्हणजे तापवून काढलेला आकडा. वस्तू बहुतांशी तीच, पण आकडे तंतोतंत जुळत नाहीत. अहवालात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. नवख्यांकडून सर्रास होणारी चूक ही.

तिसरी पायरी : आकडा कसा तयार होतो ते एकदा हाताने करून बघा

ही पायरी टाळून लगेच आलेख काढायला बसू नका, कृपा करून. यंत्र काजळीचं वजन करत नाही. पांढऱ्या गाळणीवरचा ठिपका दर मिनिटाला किती काळा झाला, म्हणजे आरपार जाणारा प्रकाश किती घटला, एवढंच ते पाहतं. या घटीला एटीएन म्हणतात. मूळच्या प्रकाशाला आताच्या प्रकाशाने भागायचं, त्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि १०० ने गुणायचं, की एटीएन मिळतो.

एई-५१ घ्या. ठिपक्याचा व्यास ३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ७.१ चौरस मिलिमीटर. हवा ओढण्याचा वेग मिनिटाला १०० मिलिलिटर ठेवला. समजा पाच मिनिटांत एटीएन ०.५ ने वाढला. पाच मिनिटांत हवा आली ५०० मिलिलिटर, म्हणजे ०.०००५ घनमीटर. आता ०.५ ला १०० ने भागा, ०.०००००७१ चौरस मीटरने गुणा आणि ०.०००५ ने भागा. उत्तर ०.००००७१ प्रति मीटर. हे झालं गाळणीवरचं शोषण. एक ग्रॅम काजळी या गाळणीवर १२.५ चौरस मीटर एवढा प्रकाश अडवते असं या यंत्रात गृहीत धरलेलं असतं. त्याने भागलं की उत्तर येतं घनमीटरला सुमारे ५.७ मायक्रोग्रॅम.

या हिशोबात सगळा भार त्या १२.५ वर आहे. एई-३३ मध्ये ८८० नॅनोमीटरला ही संख्या ७.७७ धरतात आणि गाळणीच्या धाग्यांत प्रकाश उलटसुलट फिरतो त्याची दुरुस्ती वेगळी लावतात. काजळीवर तेलकट पदार्थांचा थर चढला की ती मूळच्यापेक्षा जास्त प्रकाश शोषते. दूरवरून आलेल्या वणव्याच्या धुरात असे थर चढलेले कण पुष्कळ असतात. म्हणून दोन यंत्रांचे आकडे शेजारी ठेवताना कोणती संख्या धरली होती ते आधी विचारा. अहवालातही ती लिहा.

चौथी पायरी : जागा आणि नळी

माझ्या अनुभवात निम्मी मोजमापं इथेच बिघडतात, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

गच्ची निवडलीत तर आधी दिवसभर तिथे नुसते बसा. खालच्या उपाहारगृहाचा तंदूर किती वाजता पेटतो? सोसायटीचा जनरेटर कुठल्या कोपऱ्यात आहे, त्याचं नळकांडं कुणीकडे तोंड करून आहे? झाडलोट झाल्यावर पाला कुठे जाळतात? शेजारच्या इमारतीवर पाणी तापवायचा बंब आहे का? यातलं काही तुमच्या नळीच्या तोंडापासून २०-३० मीटरवर असेल, तर तुम्ही शहर मोजत नाही, तो बंब मोजता आहात.

नळीचं तोंड कठड्याच्या वर, वारा मोकळा मिळेल असं ठेवा. त्यावर पावसाची टोपी, किड्यांची जाळी आणि २.५ मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण बाजूला काढणारा सायक्लोन हवा. नळी धातूची किंवा वीज वाहून नेणाऱ्या काळ्या सिलिकॉनची घ्या. दुकानात मिळणारी पारदर्शक प्लास्टिकची नळी घेऊ नका, तिच्यावर स्थिर वीज साचते आणि कण वाटेतच भिंतीला चिकटतात. नळी जमेल तेवढी आखूड आणि सरळ ठेवा, काटकोनात वळवू नका.

आता पाणी. एका जूनमध्ये आमच्या यंत्राचे आकडे वेडेवाकडे यायला लागले. एका मिनिटाला ४० तर पुढच्या मिनिटाला उणे ३०. दोन दिवस मी संगणकातल्या आज्ञावलीत चूक शोधत राहिलो. तिसऱ्या दिवशी टेबलाखाली वाकून नळीला हात लावला तर ती गारठोण लागली. यंत्राच्या मागचा जोड सोडवला आणि आतून टपोरे थेंब ओघळून बोटांवर आले. बाहेरची दमट हवा वातानुकूलित खोलीत शिरली की गार नळीत तिला दव धरतं, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून धरतं तसंच. तेच पाणी गाळणीच्या फितीवर जाऊन प्रकाश हलवत होतं. त्या दोन दिवसांची नोंद टाकून द्यावी लागली. खोलीतल्या नळीला जाड फोम गुंडाळा, एसी २६-२७ अंशांच्या खाली नेऊ नका आणि नळीत हवा कोरडी करणारा ड्रायर बसवा. ड्रायर सिलिका जेलचा असेल तर रोज त्याचा रंग पाहा. निळी खडी गुलाबी झाली की भट्टीत वाळवायला काढा. कोकणात किंवा गोव्यात मोजणार असाल तर ड्रायरशिवाय सुरुवातच करू नका.

पाचवी पायरी : पहिल्याच दिवशी करायच्या तपासण्या

हवेचा वेग वेगळ्या प्रवाहमापकाने तपासा. यंत्र मिनिटाला पाच लिटर म्हणत असेल आणि प्रत्यक्षात साडेचार येत असेल, तर सगळे आकडे दहा टक्क्यांनी कमी येतील. नळीच्या तोंडाला जवळजवळ सगळे कण अडवणारी हेपा गाळणी लावून तासभर स्वच्छ हवा द्या. आकडे शून्याच्या आसपास, थोडे वर थोडे खाली नाचायला हवेत. शून्यावर येतच नसतील तर कुठेतरी हवा गळते आहे.

घड्याळ तपासा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण यंत्र ग्रीनिच वेळेवर आणि तुमची वही भारतीय वेळेवर असेल, तर साडेपाच तासांचा घोळ होतो आणि सकाळची गर्दी मध्यरात्री दिसायला लागते. दाब आणि तापमान कुठलं धरलं आहे तेही सेटिंगमध्ये पाहा. काही यंत्रं समुद्रसपाटीच्या दाबाला आकडे बदलून देतात. पुण्याच्या उंचीवर त्यामुळे सहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, महाबळेश्वरला पंधराच्या आसपास.

सहावी पायरी : आकडे वाचताना

सकाळी सातनंतर आकडा चढतो, दुपारी उतरतो, रात्री पुन्हा चढतो. नवीन माणूस म्हणतो, दुपारी वाहनं कमी असतात. वाहनं थोडी कमी असतातही, पण मोठं कारण वर आहे. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते आणि त्यावर उबदार हवेचं झाकण पडतं, धूर खालीच कोंडतो. ऊन तापलं की झाकण उचललं जातं आणि तेवढाच धूर कितीतरी मोठ्या उंचीत पसरतो. कात्रजच्या घाटातून थंडीच्या सकाळी खाली पाहिलंत तर शहरावर पसरलेल्या धुरक्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ दिसते. ते झाकण.

उणे आकडे खोडू नका. मिनिटामिनिटाच्या नोंदीत, विशेषतः यंत्र हातात घेऊन चालताना, धक्क्यांमुळे आकडा शून्याच्या खाली जातो. पण तितकाच तो अकारण वरही जातो. फक्त उणे तेवढे काढून टाकले तर सरासरी फुगते. पाच किंवा पंधरा मिनिटांची सरासरी घ्या, बरेचसे उणे आपोआप विरतात.

गाळणी भरत आली की एका ठिपक्याची यंत्रं कमी आकडा दाखवतात, कारण आधीच काळ्या झालेल्या ठिपक्यावर नवी काजळी पुरती दिसत नाही. एई-३३ दोन ठिपक्यांवर वेगवेगळ्या वेगाने हवा ओढून ही चूक स्वतःच काढतं. एई-५१ ला ते जमत नाही, म्हणून एटीएन साठच्या पुढे जाण्याआधी पट्टी बदला. वरच्या उदाहरणातल्या हवेत एटीएन तासाला सहाने वाढतो, म्हणजे पट्टी दहा तास चालेल. मोठ्या चौकात काजळी घनमीटरला ३० मायक्रोग्रॅम असेल, तर तीच पट्टी दोन तासांत संपेल. पिशवीत जादा पट्ट्या ठेवा.

सातवी पायरी : हा वणवा की ट्रक?

सगळं शिकून इथपर्यंत आलात की खरं काम सुरू होतं. डिझेलची काजळी निखळ काळी असते. गवत, लाकूड, पाला यांच्या धुरात काजळीबरोबर तपकिरी सेंद्रिय पदार्थ येतात आणि ते निळा व अतिनील प्रकाश जास्त शोषतात. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाशी काळी काजळी धरते, पण वरच्या वाशांवर तपकिरी, चिकट थर बसतो. फरक तोच आहे.

एई-३३ च्या पडद्यावर सातही तरंगलांब्यांचे आकडे एकत्र काढा. हवेत निव्वळ वाहनांची काजळी असेल तर सातही रेषा जवळजवळ एकावर एक बसतात, कारण तरंगलांबी निम्मी झाली की शोषण दुप्पट होतं हे गृहीतक यंत्रातच आहे. गवतालाकडाचा धूर आला की ३७० ची रेषा सुटून वर जाते, ८८० ची खाली राहते, मधल्या रेषा मधे. तरंगलांबी कमी होते तसं शोषण किती झपाट्याने वाढतं, ते गणिताच्या भाषेत ऑंगस्ट्रॉम घातांक सांगतो. तो वाहनांसाठी एकच्या आसपास आणि लाकडाच्या धुरासाठी दोनच्या दिशेला सरकतो. घातांक पूर्ण दोन झाला तर ३७० चा आकडा ८८० च्या सुमारे २.४ पट दिसेल. काळ्या कार्बनचा आकडा मात्र नेहमी ८८० चाच सांगायचा. ३७० चा आकडा 'काळा कार्बन' म्हणून छापलेला मी पाहिला आहे, ती मोठी चूक आहे.

दोन सावधगिऱ्या. वैशाखातली धूळसुद्धा निळा प्रकाश शोषते, म्हणून पीएम १० वाढलेल्या दिवशी घातांकावर एकदम विश्वास ठेवू नका. आणि वणव्याचा धूर सगळा सारखा नसतो. भडकलेल्या ज्वाळांतून काजळी जास्त निघते, धुमसणाऱ्या ओंडक्यातून पांढुरका, सेंद्रिय धूर जास्त निघतो. त्यामुळे डोळ्यांना झोंबणारा दाट पांढरा धूर असतानाही काळ्या कार्बनचा आकडा माफक येऊ शकतो. धुराच्या एकूण वजनात काजळीचा वाटा बहुतेकदा काही टक्केच असतो. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्क-न्यू जर्सीवर उतरला आणि आकाश केशरी झालं. तिथल्या आपल्या नातेवाइकांनी पाठवलेले फोटो अनेकांनी पाहिले असतील. तशा धुरात पीएम २.५ आणि काळा कार्बन दोन्ही मोजले तरच चित्र पुरं होतं.

धूर कुठून आला ते ताडायला उपग्रहांना दिसलेल्या आगी दाखवणारा नासाचा फर्म्स नकाशा उघडा. उपग्रहावरच्या व्हिअर्स उपकरणाचा एक ठिपका सुमारे ३७५ मीटरचा असतो आणि उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. संध्याकाळी सहाला लागून आठला विझलेलं गवत त्याला दिसतच नाही. म्हणून नकाशावर ठिपका नाही याचा अर्थ वणवा नव्हता असा होत नाही. वाऱ्याची दिशा पाहा आणि गावाकडे फोन करा. मुळशी-मावळात पावसाआधी भातरोपांच्या जागेवर राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवत पसरून शेतकरी तो जाणीवपूर्वक, राखण ठेवून जाळतात. वनखातंही जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळा पट्टा, काढताना गवत पेटवतं. यातलं काहीच वणवा नव्हे आणि अहवालात तसं लिहिणं शेतकऱ्यावर अन्याय आहे.

वणव्याच्या जवळ यंत्र घेऊन जाऊ नका. गवताची आग चढावर माणसापेक्षा वेगाने पळते. वणवा दिसला तर मोजमाप बाजूला ठेवून आधी वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

आठवी पायरी : वही

यंत्राशेजारी दोरीने बांधलेली एक साधी वही ठेवा आणि पेनही बांधा. तारीख, वेळ, कोणी काय पाहिलं, बस्स. 'सायं. ६.४०, तळजईच्या बाजूला धूर.' 'स. ८.१०, खाली सिमेंटचा मिक्सर चालू, २० मि.' 'फीत बदलली.' 'वीज गेली, जनरेटर लागला.' इमारतीच्या रखवालदाराला वही दाखवा आणि काय मोजतो आहोत ते नीट समजावून सांगा. आमच्या रखवालदाराकाकांनी लिहिलेल्या चार ओळींनी एका अख्ख्या महिन्याचं कोडं सोडवलं होतं. पहाटे पाचला जे टोक दिसायचं ते दुधाच्या टेम्पोचं होतं, गाडी चालू ठेवूनच क्रेट उतरवायचे.

सगळं बसलं की नाही हे तपासायला वर्षातून एक हमखास रात्र मिळते, होळीची. दिवसभराच्या रहदारीने सातही रेषा जवळजवळ एकत्र आलेल्या असतात. अंधार पडल्यावर गल्लोगल्ली लाकडं आणि गोवऱ्या पेटतात आणि थोड्याच वेळात ३७० ची रेषा बाकीच्यांना सोडून वर निघते. पहाटेपर्यंत ती तशीच राहते आणि ऊन चढल्यावर सगळ्या पुन्हा मिटतात. त्या रात्री रेषा फाकल्या नाहीत तर गणित तपासत बसू नका. विजेरी घेऊन गच्चीवर जा आणि नळीचं तोंड, जाळी आणि जोड बघा. आमच्याकडे एकदा जाळीवर कोळ्याने जाळं विणलं होतं.